दाताला कीड नसते

आजवर मी जेवढी पत्रकं काढली, त्यांतलं एकच सगळ्या गावानं वाचलं. त्याचा मथळा होता, 'दाताला कीड नसते!' उद्गारचिन्हासकट. त्या पत्रकानं माझ्या आत्याची एक दाढ गेली आणि तिची एकुलती मैत्रीण तुटली. दाढ परत येणार नव्हती. मैत्रीण परत येते का, या एका गोष्टीत माझं मागचं वर्ष गेलं.

पेणच्या आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा शिक्षक. शाळा सुटली की ते लिहायला बसायचे. अंगात येणाऱ्यांविरुद्ध, भानामतीविरुद्ध, कंपन्यांतल्या कंत्राटी भरतीविरुद्ध, कोरड्या पडलेल्या नळाविरुद्ध. छापून आली की मी ती मधोमध दुमडायचे आणि नखानं घडी दाबायचे. मला अक्षरं मथळ्यांवरून कळली. बाबांचे दोन नियम होते. मथळ्यापाशी माणूस थांबला पाहिजे. आणि तळाशी सही 'आम्ही' अशीच करायची, कारण 'मी' म्हटलं की लोक मुद्दा सोडतात आणि माणसाला धरतात. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. तरी प्रत्येक कागदाच्या तळाशी 'आम्ही' असायचं आणि मला वाटायचं, आमच्यासारखे आणखी पुष्कळ कुठेतरी असणार.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. भाड्याचं घर सोडलं. मी रोह्याला एका रसायनांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले आणि नदीच्या बाजूला एक खोली घेतली. पत्रकं लिहायचं सोडलं नाही. खाली 'आम्ही' लिहायचंही सोडलं नाही, फक्त ते लिहिताना हात जरा थांबायचा.

माझं म्हणावं असं माणूस उरलं ते आत्या. बाबांची थोरली बहीण. घरच्यांनी बाबांना शिकवलं आणि तिला दुसरीतून काढून भाताच्या लावणीला घातलं. त्यावर बाबांनी कधी पत्रक काढलं नाही. तिचं गाव कासू स्टेशनपासून आत, रिक्षानं गेलं की वीस मिनिटांवर. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पावसात भात, नंतर वाल, एवढं रान ती अजून बघते. मी दर रविवारी जायचे. कधीही गेले तरी तिच्या ओट्यावर दुसरी एक बाई बसलेली असायची. दोघी तळहातावर मिश्री घेऊन दातांना चोळत, थुंकत, गावाची उणीदुणी काढत बसायच्या. ती बाई दातांना धुरी द्यायची. गाव तिला धुरीवालीच म्हणायचं.

धुरी द्यायची रीत अशी. भुईरिंगणीचं सुकं बी तुपाच्या थेंबात कालवून तापल्या खापरावर टाकायचं, वर नरसाळं उपडं धरायचं आणि नळीतून येणारा धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा. मग तोंड पाण्याच्या ताटलीवर वाकवायचं. लाळ गळायची आणि ताटलीत बारीक, वळलेलं, पांढरं काहीतरी तरंगायचं. "बघ, किती पडल्या," असं म्हणून धुरीवाली ताटली सगळ्यांपुढे फिरवायची. बाया तोंडाला पदर लावून बघायच्या. कीड निघाली म्हणायच्या.

एका रविवारी मी त्यातल्या चार 'अळ्या' कागदाच्या पुडीत बांधून रोह्याला नेल्या. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली धरल्या. ना डोकं, ना पाय. मग रिंगणीचं कोरं बी भिजवून फोडलं. आत तोच वळलेला पांढरा अंकुर. बी तापलं की तडकतं आणि आतलं बाहेर उडतं, एवढंच. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं कानातला इअरफोन काढून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." सांगायला कोणी नव्हतं, म्हणून पत्रक लिहिलं.

पत्रकात मी धुरीवालीचं नाव घातलं नाही, पण 'धुरीच्या नावाखाली चाललेली फसवणूक' असं लिहिलं. त्या गावात धुरी देणारी बाई एकच. मथळ्यानं अर्धा कागद खाल्ला. खाली बारीक टायपात दहा ओळी बसवल्या: दातांवरच्या चिकट थरात जिवाणू असतात, ते साखरेचं आम्ल करतात, आम्लानं दातांचं खनिज विरघळतं, म्हणून वेळेत दंतवैद्याकडे जा. सगळं बरोबर होतं. पाऊस संपता संपता मी ते स्टेशनच्या पायऱ्यांवर, दुकानात, आळीत घरोघर वाटलं. धुरीवालीच्या घरीही दिलं. तिनं ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि मला विचारलं, "च्या घेशील का?" मी घाईत होते.

पुढच्या रविवारी ओट्यावर आत्या एकटी होती. पत्रक तिनं भाताच्या खळीनं आतल्या भिंतीला चिकटवलं होतं, देवाच्या फोटोशेजारी.

"लय मोठा लिवलास गो," ती म्हणाली. "मी सगला वाचला. दा-ता-ला की-ड न-स-ते."

"आणि तुझी मैत्रीण कुठंय?"

"आसल कामात."

त्यानंतर ती बाई कधीच कामातून मोकळी झाली नाही. मला कारण कळत होतं. खरं सांगायचं तर मला तो विजय वाटला. आत्या मिश्री लावून एकटीच थुंकत बसायची आणि मी तिला अंधश्रद्धेवर ऐकवत बसायचे. ती ऐकायची. बाबांचं ऐकायची तशीच, मान हलवत, हातानं वाल सोलत.

वाल फुलावर आले होते तेव्हाची गोष्ट. मी गेले तर आत्या आत भिंतीकडे तोंड करून पडली होती, गालावर पदर. पदर बाजूला केला तर गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली.

"आत्या, हे काय झालंय?"

"काय नाय. वारा लागला."

"वाऱ्यानं एवढं? किती दिवस झाले?"

"सूज कालपासना. दाढ दिवाळीपासना ठणकते."

"दिवाळीपासून? आणि रोज फोनवर, दर रविवारी तोंडावर मला 'बरी हाय' सांगत होतीस?"

"मंग काय सांगू? आदी गोड लागला का झिणझिणायची. मंग ठणकाय लागली. मी म्हटला, कीड तर नसतेच. माझे भाचीनंच लिवलाय. कीड नाय म्हंजे दाढ किडली नाय. ऐशीच दुखत आसल, जाईल."

मी भिंतीकडे पाहिलं. कागद धुरानं पिवळा पडला होता. मथळा अजून ठसठशीत होता.

"अगं, पण खाली लिहिलंय ना, दंतवैद्याकडे जा म्हणून!"

"खालचा मना दिसत नाय गो. वरचा दिसला. तेवढा पुरं वाटला."

मथळ्यापाशी माणूस थांबला पाहिजे. ती थांबली होती. आपल्या भाषेत किडलेल्या दाताला दुसरा शब्दच नाही, आणि मी तोच शब्द खोटा ठरवून हातात दुसरा काही दिला नव्हता. जिवाणू, आम्ल, खनिज हे माझ्या प्रयोगशाळेतले शब्द, तेही बारीक टायपात.

"आणि आधी काय करायचीस दाढ दुखली की?" मी विचारलं. आवाज चढलेला होता, तो तिच्यावर नव्हता.

"आदी तिच्याकडं जायची. ती धुरी द्यायची. दोन येळा दिली आन् तरी ठणकली, का तीच बोलायची, आता माझ्याकडं काम नाय, कीड खोल गेली, पेणला दाताच्या डाक्टरनीकडं जा. तिनं सांगितला का घरचे पन सोडायचे बाईला. आमचं ऐकून कोन सोडतो? तू लिवल्यापासना तिनं खापर उचलून ठेवलाय. आता कोन सांगनार?"

हे मला माहीत नव्हतं. इतके रविवार मी त्या ओट्यावर बसले, ताटलीत डोकावले, अळ्या पुडीत बांधून नेल्या, पण धुरी लागू पडली नाही तर पुढे काय होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. ती बाई बायांना फसवत होती, हे खरंच होतं. आणि त्या गावातल्या बायांना दातांच्या दवाखान्यापर्यंत पोचवणारीही ती एकटीच होती.

त्याच दुपारी आत्याला पेणला नेलं. रविवार होता, पण दाताचा दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, हातानं हलक्या. त्यांनी आधी सुजेवर गोळ्या दिल्या आणि चार दिवसांनी दाढ काढली. नुसत्या भिंती उरल्या होत्या दाढेच्या, आतून पोकळ. त्या म्हणाल्या, "गोड खाल्ल्यावर झिणझिणत होती तेव्हा आली असतीस आत्या, तर भरून काम झालं असतं. ठणकायला लागल्यावर आली असतीस तरी मुळाचा इलाज करून ठेवली असती." आत्यानं तोंडात कापूस धरून माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाली. डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं. ती तक्रार करत नव्हती. 'भाची माझी' एवढंच सांगत होती.

हात धुताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "तुमच्या त्या बाजूच्या बायका हल्ली येत नाहीत. पूर्वी यायच्या हो. उशिरा यायच्या, पण यायच्या."

मी आत्याची पिशवी उचलली.

मग त्यांनी मलाच खुर्चीवर बसवलं. बोलताना त्यांना माझ्या वरच्या पुढच्या दातांवर काहीतरी दिसलं होतं. आरसा हातात दिला. हिरडीलगत दोन दातांवर खडूसारखे पांढरे, निस्तेज डाग. मी ते कधी पाहिले नव्हते. "ही सुरुवात," त्या म्हणाल्या. "खड्डा पडायच्या आधीचं. वरचं कवच, एनॅमल, आतून विरळ होतंय. दिवसभर काय खाता?"

मी खरं सांगितलं. माझ्या खोलीत जेवणाची वेळ नसते. ताट मांडून एकटीनं बसायला नको वाटतं. म्हणून थर्मासमधला गोड चहा, घोटघोट, बिस्किटं, शेंगदाण्याची चिक्की, लिहिता लिहिता, वाचता वाचता. सकाळची शिफ्ट असली की संध्याकाळभर, दुपारची असली की सकाळभर.

"म्हणजे तोंडाला सुट्टीच नाही," त्या म्हणाल्या. कोऱ्या कागदावर त्यांनी दाताचं चित्र काढलं. प्रत्येक घोटाबरोबर दातांवरच्या किटणातले जंतू आम्ल करतात, आणि त्या थराखाली पीएच साडेपाचाच्या खाली गेला की कवचातलं कॅल्शियम, फॉस्फेट सुटू लागतं. मी रोज कंपनीत पीएच मीटर लावते. साडेपाच म्हणजे किती, हे माझ्या बोटांना कळतं. खाणं थांबलं की हळूहळू लाळ ते आम्ल मोडते आणि सुटलेलं खनिज परत बसवू लागते. तासाभराची तरी उसंत लागते. मी ती कधी दिलीच नव्हती. "दाताला जखम भरायला रक्त नसतं," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे लाळच. फ्लोराइडची पेस्ट लावा, घासल्यावर नुसतं थुंका, खळखळून चुळा भरू नका, पेस्ट थोडी राहू दे दातांवर. खड्डा पडला की मात्र तो आपण होऊन बुजत नाही. अजून तो पडलेला नाही. डाग जाईलच असं नाही, पण घट्ट होईल, चकाकी येईल."

त्या रात्रीपासून नव्हे, पण त्या आठवड्यापासून मी जेवायला बसू लागले. ताट, वाटी, पाण्याचा तांब्या. भाजीवाल्या बाईनं विचारलं, "पाहुणे आलेत का?" मधल्या वेळात फक्त पाणी. सुरुवातीला त्या रिकाम्या तासांत काय करायचं ते कळायचं नाही. चहाचा घोट नसला की खोली किती शांत आहे ते ऐकू येतं. पत्रकाच्या दोन वाक्यांमध्ये मी आजवर काय गिळत होते, तेही कळलं.

आत्याची डावी बाजू गेली. खालची दाढ नाही म्हणून वरचीला काम नाही. भाकरी ती उजवीकडे लोटून चावायची आणि मध्येच थकून थांबायची. पण ती दाढेबद्दल बोलायची नाही. ओट्यावर बसली की डोळे आळीकडे असायचे.

शेवटी एका रविवारी मी धुरीवालीच्या दारात गेले. ती अंगणात सुपात डाळ पाखडत होती. मला बघून थांबली नाही.

"मावशी, मी चुकले."

"काय चुकलीस? कीड आसते का मंग?"

"नाही. कीड नसतेच. तुमच्या ताटलीत पडतं ते रिंगणीच्या बियातलं असतं."

"मना ठाव हाय," ती म्हणाली आणि सूप आपटलं. "माझे सासूनं शिकवलाय. ताटलीत कायतरी दिसल्याबिगर बाई तोंड उघडत नाय. तोंड उघडला का मना कळतो, दाढ कोनची आन् किती गेली. तू आलीस, मोठा मोठा लिवलास आन् गेलीस. च्या पन घेतलीस नाय."

मी पायरीवर बसले. ती हसतही नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती.

"मंग कीड नाय तर काय हाय? सांग आता. पन साधा सांग. कागदातला नको."

मी जिवाणूंपासून सुरुवात केली. तिनं हात वर केला. मी आम्लावर आले. तिनं पुन्हा हात वर केला. मग मला तिच्या मोरीपुढची शहाबादी फरशी दिसली, जागोजाग खडबडीत झालेली.

"इथं काय सांडलं होतं?"

"लिंबू. चिंचेचा कोळ. फरशी खातो तो."

"दाताला असंच होतं. गोड खाल्लं की दातावरच्या किटणात आंबट तयार होतं, आणि ते दात खातं. आधी डाग पडतो, पांढरा. खड्डा मग."

तिनं फरशीच्या खडबडीत जागेवरून अंगठा फिरवला. "म्हंजे बांधावानी," ती म्हणाली. "पाझर लागला तवाच चिखल थापायचा. खांड पडल्यावर काय, सगला पानी शेतात."

"हो. बांधासारखं."

"मंग ह्या लिवायला काय झाला होता तुला?"

मी दुसरं पत्रक लिहिलं. मथळा: 'दात दुखायच्या आधी पांढरा पडतो'. सगळा मजकूर एकाच मोठ्या अक्षरात, म्हणून फक्त नऊ ओळी बसल्या. त्यातली पहिली: 'मागचं पत्रक अर्धवट होतं, त्यानं नुकसान झालं, चूक माझी.' लिंबानं खाल्लेली फरशी घातली, पाझरणारा बांध घातला, दुखली तर थांबू नका, पेणला जा, असं घातलं. तळाशी 'मी' लिहिलं. छापायच्या आधी दोघींना वेगवेगळं वाचून दाखवलं. धुरीवाली म्हणाली, "धुरी मी देनार हाय. त्या तुझ्या कागदात नको, पन देनार." मी म्हटलं, मी त्याला बरं म्हणणार नाही. "तुला कोन इचारतो?" ती म्हणाली. तिथे आमचं बोलणं संपलं. अजूनही तिथेच आहे. ज्या रविवारी ती खापर तापवते, त्या रविवारी मी ओट्यावर बसत नाही, मागच्या परड्यात जाते. माझं मत बदललेलं नाही, आणि तिचंही.

पण ती ओट्यावर पुन्हा यायला लागली. माझं पत्रक वाचून नव्हे. मी गेले, पायरीवर बसले आणि चहा घेतला, म्हणून असावी. मी आले की दोघींचं बोलणं जरा थांबतं, मी आत गेले की पुन्हा सुरू होतं. आत्या मोठ्यानं हसते. तिच्या हसण्यात ती गेलेली दाढ दिसते.

सहा महिन्यांनी पेणला दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी डागांवरून हलकेच हत्यार फिरवलं. पहिल्या खेपेला ते खरखरलं होतं, आता निसटलं. "बसलं," त्या म्हणाल्या. डाग आहेत अजून, पण ओले असल्यासारखे चमकतात. हे कोणाला दाखवायचं, ते मला सुचलं नाही. बसस्टँडच्या आरशात एकदा ओठ वर करून पाहिलं आणि रोह्याची गाडी धरली.

परवा जेवणाच्या सुट्टीत आत्याचा फोन आला.

"गो बाय, मी पेणला जाऊन आली."

"कशाला? काय झालं?"

"उजवीकडची. गोड लागला का झिणझिणली. हिनं तोंड बघितलान, धुरी दिलीच नाय. बोलली, पाझर हाय, चल. आमी दोघी गेलो गाडीनं. भरली डाक्टरनीनं. सुई पन नाय टोचली."

उजवी बाजू. त्याच बाजूनं ती जेवत होती.

"मला का नाही सांगितलंस? मी सुट्टी टाकून आले असते."

"तुला कशाला तरास गो. ही होती ना." मग कुणाला तरी बाजूला म्हणाली, "दे गो एक." आणि मला म्हणाली, "ऐक."

फोनमध्ये कडकड आवाज झाला. पोह्याचा पापड असावा. मागून धुरीवालीचा आवाज आला, "उजवीकडना चाव गो, दाखव भाचीला!" आणि दोघी हसल्या. मग त्यांचं तिसऱ्याच कुणाच्या सुनेविषयी सुरू झालं. फोन बंद करायचं आत्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. माझ्या समोर डबा उघडा होता, टेबलावर मी एकटीच होते. मी चावणं थांबवून थोडा वेळ ऐकलं. मग माझ्या बाजूनं फोन बंद केला, आणि जेवण पुरं केलं.